मोहाखालचे दिवे

मूलच्या बसस्थानकावर चंद्रपूरची गाडी थांबली आणि दारातून आधी एक ढोल आत आला. ढोलामागून दोन हात आले, आणि मग बऱ्याच खटपटीनंतर एक घामेजलेला, हसरा चेहरा.

दिव्यानी खिडकीपाशी बसली होती. सोमवार होता, उपास होता, मांडीवर आईनं दिलेला शिंगाड्याच्या लाडवांचा डबा होता. गाडीत एकच जागा उरली होती, तिच्या शेजारची.

"ढोलाचं तिकीट लागंल," कंडक्टर म्हणाला.

"मांडीवरच्या लेकराचं तिकीट लागते का जी?"

"लेकरू केवढं हाय ते पाय आधी. अर्धं तं त्या बाईच्या मांडीवर चाल्लं."

खरंच चाललं होतं. दिव्यानीनं डबा पायाशी ठेवला आणि ढोलाची आपल्याकडची कड दोन्ही हातांनी धरली. न धरून करते काय?

"त्रास होत असन तं सांगा," तो म्हणाला.

"त्रास नाही. पण हा मधेच वाजणार तर नाही ना?"

"खड्डा आला का वाजते. तुमच्याकडून वाजला तं तुमचा, माझ्याकडून वाजला तं माझा."

मूल ते चंद्रपूर रस्त्याला खड्ड्यांची काय वानवा! दर खड्ड्याला ढोल हळूच 'धिम्' म्हणायचा, दोघं एकमेकांकडे पाहायची आणि लगेच दुसरीकडे पाहायची. बाहेर सागाची पानं गळत होती. थंडीचं कोवळं ऊन खिडकीतून येऊन ढोलाच्या कातड्यावर बसलं होतं. दिव्यानीला उगाचच वाटलं — चंद्रपूर आज थोडं लांब असतं तर...

"मी पोचू मडावी. अहेरीचा. तुमच्याच कॉलेजात हावो, शेवटच्या वर्षाले. तुमाले पाह्यलं हाय मी, त्या मोरपीसवाल्या पोरींत."

"दिव्यानी गेडाम. सिंदेवाही."

"गेडाम..." ढोलावरची त्याची बोटं थांबली. "गेडाम तं दोन-तीन समाजात राह्यतेत. मग तुमी... किती देवाचे?"

 हा प्रश्न गोंड माणूस गोंड माणसालाच विचारतो, एवढं दिव्यानीला ठाऊक होतं. कुणी चार देवांचे असतात, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. त्या आकड्याचं पुढं काय करतात, ते तिला ठाऊक नव्हतं. घरी गोंडी बोलणं आजोबांबरोबरच संपलं होतं. वडील भात संशोधन केंद्रात नोकरीला, आई सोमवार-एकादशी करणारी. आणि पहिल्याच वर्षी, फलकावर शिष्यवृत्तीची यादी लागली तेव्हा, होस्टेलमधली एक मुलगी दुसऱ्या एकीचं नाव वाचून म्हणाली होती, "ही तर डायरेक्ट जंगलातून आली वाटतं." सगळ्या हसल्या होत्या. दिव्यानीही हसली होती. त्या दिवसापासून ती नुसती 'सिंदेवाहीची गेडाम' होती. कुणी पुढचं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

"आमच्यात तसं काही नसतं," ती खिडकीकडे पाहत म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. नुसतं बरं. पण मग चंद्रपूरपर्यंत, अगदी स्टँडपर्यंत किती खड्डे आले तरी त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

आई वच्छलाबाईचा एक नेम होता. उपासाच्या दिवशी खोटं बोललं तर उपास मोडला समजायचा, आणि ते खोटं जिथं बोललं तिथंच उतरवल्याशिवाय तो जुळत नाही. त्या रात्री दिव्यानीनं देवासमोर एकीऐवजी दोन उदबत्त्या लावल्या.

कॉलेजात 'मोरपंखी' हा मुलींचा ग्रुप होता. पंधरा मुली, निळ्या ओढण्या, आणि छातीशी चांदीच्या पिनेत मोरपिसाचा डोळा. स्टेजवर, सहलीला, युवा महोत्सवाला कॉलेजचं नाव घेऊन जायच्या त्या याच. पीस नसलेल्या मुली त्यांना पाहत बाकावर बसायच्या. नवी मुलगी घ्यायची तर मटकं ठेवायचं. प्रत्येकीच्या हाती दोन चिंचोके द्यायचे, एक अख्खा तपकिरी, एक फोडलेला पांढरा. होय असेल तर तपकिरी टाकायचा, नाही असेल तर पांढरा. एक जरी पांढरा निघाला, तरी ती मुलगी नाही. कुणी टाकला ते विचारायचं नाही.

त्या वर्षी गडचिरोलीच्या महोत्सवात गोंडांचा रेला नाच करायचं ठरलं. ग्रुपची प्रमुख मोनाली म्हणाली, "ओरिजिनल पाहिजे. ढोलवाला तो पीएम आहेच."

पीएम म्हणजे पोचू मडावी. 'पोचू' म्हणताना मुलींना हसू यायचं, म्हणून त्यांनी त्याचं नाव परस्पर बदलून टाकलं होतं. तो काही म्हणाला नाही. फक्त तालमीच्या पहिल्या दिवशी दिव्यानीजवळून जाताना हळूच बोलला, "तुमी तरी पोचूच म्हना. एखाद्या तोंडी तं खरं नाव राहू द्या."

मग ती पोचूच म्हणू लागली. कुणी नसताना.

तालीम संपली की तो ढोल उन्हात ठेवायचा, कातडं ताणायला. आणि तिला म्हणायचा, "हात ठेवून पाहा, तापला का." ती तळहात ठेवायची. तोही ठेवायचा, वीतभर अंतरावर. ती वीत दर दिवशी बोटभर कमी होत होती... निदान दिव्यानीच्या हिशेबानं तरी.

आणि मग सोमारी आली.

सोमारी भामरागडकडची. पहिल्या वर्षाची. लांब मान, कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके, केसात लाकडी फणी. तिला रेला येतो हे पोचूनंच मोनालीला सांगितलं. ती पहिल्या दिवशी सभागृहात आली ती थेट ढोलापाशीच गेली, आणि गोंडीत काहीतरी बोलून तिनं त्यावर सरळ हात ठेवला. विचारलं नाही. वीतभर अंतर नाही. काही नाही.

पोचू हसला. असा तो दिव्यानीसमोर कधी हसला नव्हता, सगळे दात दाखवून, घरच्यासारखा.

तिथून दिव्यानीचं मन चुलीवर ठेवलेल्या दुधासारखं झालं. दिसायला शांत, पण पाठ फिरवायची सोय नाही. सोमारीची पिशवी पोचू उचलायचा. सोमारीनं घरून आणलेली बोरं तो पानाच्या द्रोणातून मचामचा खायचा. तिची चप्पल तुटली तर यानं तारेनं बांधून दिली, गुडघ्यावर बसून. दोघं तासन् तास गोंडीत बोलायची, आणि दिव्यानी दोन पावलांवर उभी राहून एकेक शब्द पकडू पाहायची. तिच्याच आजोबांची भाषा, आणि तिला त्यातला एक शब्द कळू नये!

"काय बोलत होते एवढं?" तिनं एकदा विचारलंच.

"काई नाई. घरचं," पोचू म्हणाला.

"मग आमाले नाई कळत का घरचं?"

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्यात तं तसं काई नसते नं," तो म्हणाला, आणि ढोलाची दोरी आवळायला लागला.

तिनं सोमवार कडक केले. साबुदाणाही सोडला. पिंडीवर पाणी घालताना म्हणायची, देवा, माझ्या मनातलं काढून टाक. आणि डोळे उघडले की पहिला विचार यायचा, आज सोमारीनं कोणता कुडता घातला असेल?

मटकं ठेवलं गेलं तेही सोमवारीच. सोमारीला मोरपंखीत घ्यायचं की नाही. सोमारी बाहेर पायऱ्यांवर बसली होती, पोचू तिच्या शेजारी. दारातून दोघांच्या पाठी दिसत होत्या. तो तिला काही सांगत होता, आणि तिनं त्याच्या खांद्यावर चापट मारली.

दिव्यानीच्या मुठीत दोन चिंचोके होते. कोणता पडला ते तिच्या बोटांना आधी कळलं, मनाला मागून.

मोनालीनं मटकं चटईवर उपडं केलं. चौदा तपकिरी. एक पांढरा.

 मग मोनाली म्हणाली, "ठीक आहे. नियम म्हणजे नियम. तिला म्हणू, शिकवून दे फक्त. स्टेजवर आपण नाचू. नाहीतरी पुढं उभं राहायला तिला सवय नसेल."

निशा म्हणाली, "ड्रेस तिच्याकडूनच मागून घेऊ. तिच्याकडे ओरिजिनल असेल."

पोचू दारात उभा होता. सगळं ऐकत होता. तो आत आला, त्यानं ढोल जवळ ओढला. "पंधरातल्या चौदा तं चांगल्या निघाल्या," तो शांतपणे म्हणाला. "एका जनीले आमी जंगली वाटलो. वाटू द्या. पन मंग ढोल बी जंगलीच हाय जी."

दिव्यानीला ओरडून सांगावंसं वाटलं — तसं नव्हतं, तसं नव्हतं ते. पण मग कसं होतं? मटक्यातल्या चिंचोक्यावर कारण थोडंच लिहिलेलं असतं! जळणाऱ्या बाईनं टाकला काय नि नाक मुरडणारीनं टाकला काय, पांढरा तो पांढराच. आणि सोमारी तर पायऱ्यांवरच राहिली.

दुपारी दिव्यानी होस्टेलच्या मागच्या नळावर गेली, तर सोमारी तिथं कुडता धूत होती. तारेवरच्या कपड्यांवर कोळशाची बारीक काळी पूड बसली होती, चंद्रपुरात बसतेच.

"काऊन वो, तोंड काऊन उतरलं?" सोमारीनंच विचारलं. "घेतलं तं मले नाई, रडायचं तं मी पायजे."

"तू रडली नाहीस?"

"रडली नं. आंघोळीच्या वेळेले. कोनाले दिसत नाई." तिनं कुडता पिळला. "पोचूनं लई मनावर घेतलं. मले म्हने, चाल, मी घरी सोडून देतो तुले."

"हो... तो घेणारच मनावर," दिव्यानीचा आवाज आपोआप तिखट झाला. "तुमचं लग्न कधी आहे?"

सोमारीच्या हातून कुडता बादलीत पडला. आणि मग ती अशी हसली, अशी हसली की नळावर डोकं टेकवून बसली.

"माये... पोचूसंगं? अवो तो सात देवाचा, मी बी सात देवाची. एका आकड्याचे सारे भाऊ-बहीन राह्यतेत. त्याच्यासंगं लगन म्हंजे सख्ख्या भावासंगं लगन. चारवाली, पाचवाली, सहावाली करन तो. सातवाली नाई." मग डोळे पुसत म्हणाली, "त्याच्या मनात एक होती म्हना. एसटीत भेटली त्याले. पन ती देवातलीच नाई म्हने. तिनं सोताच सांगितलं."

नळ तसाच वाहत राहिला. दिव्यानीनं तो बंद केला, तेव्हा तिच्या दोन्ही बाह्या भिजल्या होत्या.

खोलीत जाऊन तिनं घरी फोन लावला. वडिलांनी, लटारूभाऊंनी, उचलला. मागे धान उफणायच्या पंख्याची घरघर चालू होती.

"काऊन वो बाई? फराळ केला का?"

"बाबा... आपण किती देवाचे?"

पंख्याची घरघर लांब गेली. बाबा बाजूला गेले असावेत. "आज काऊन आठोलं? तूच म्हनत होती, कॉलेजात हे कोनाले सांगू नका."

"सांगा ना, बाबा."

"मी सांगितलं तं ते माझं होईन. तू आठव. सहा वर्साची होती, तुया काकाच्या गावी नेलं होतं तुले. मोहाच्या झाडाखाली आपले देव. एका देवापुढं एक दिवा. साऱ्यायनं म्हटलं, पोरीच्या हातानं लावा. किती लावले होते?"

तिनं डोळे मिटले. पडलेल्या मोहाचा गोड, जड वास. कुणाचं तरी धोतर. तळहातात काडेपेटी, आणि एकेक काडी ओढताना मागून मोजणारे काका... पाच... सहा... सात.

तिनं डोळे उघडले. "सात काड्या ओढल्या मी, बाबा. सात."

म्हणजे पोचूची बहीण, सोमारीसारखीच. म्हणजे इतके दिवस ती जिच्यावर जळत होती, तीच ती स्वतः.

"सात?" बाबा हसले. "अवो, एक दिवा वाऱ्यानं इझला नाई का? रडली होती तू. मंग मी तुया हात धरून परत लावला. काड्या सात. दिवे..."

"सहा," दिव्यानी म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली, नुसती स्वतःला ऐकू जाईल अशी.

सूर्य मावळायचा होता. उपास सोडायची वेळ व्हायची होती. ती सभागृहात गेली. मुली होत्या, दिव्यानीनंच बोलावून आणलेली सोमारी होती, आणि एका कोपऱ्यात पोचू ढोल चादरीत बांधत होता.

"पांढरा चिंचोका माझा होता," ती म्हणाली.

मोनाली गडबडली. "अगं, सांगायचं नसतं ते. गुप्त असतं."

"माझा उपास आहे आज. गुप्त ठेवलं तर तो मोडेल. सोमारी जंगली वाटली म्हणून नाही टाकला मी. माझ्या मनात घाण होती, जळत होते, म्हणून टाकला. पण तिला लागायचं ते तेवढंच लागलं." तिनं पिनेतलं मोरपीस काढलं आणि मटक्याशेजारी ठेवलं. "आणि ती जी आहे, तीच मी आहे. सिंदेवाहीची गोंड. तीन वर्षं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही."

"पण तू तर तशी वाटत नाहीस," मोनाली म्हणाली. अगदी प्रेमानं.

"तशी म्हणजे कशी, मोनाली?"

मोनालीनं खुर्ची ओढली आणि ती बसली.

"मग... परत मटकं ठेवायचं का सोमारीसाठी?" निशानं हळूच विचारलं.

"मायासाठी काई ठेवू नका," सोमारी पुढं आली. "मले तुमचा पीस नाई पायजे. मोराचा हाय तो, मोरालेच शोभते. पन रेला पायजे असन तं आयका. रेलात पुढं कोनी नाई राह्यत, मागं कोनी नाई राह्यत. एकीच्या हातात दुसरीचा हात, एकच रांग. जिले माया हात चालते, तिनं या."

दिव्यानी सगळ्यांत आधी निघाली. सोमारीनं हात मागे घेतला. "तू नाई. तू शेवटी. आजचा दिवस तं शेवटीच."

ती मुकाट्यानं शेवटी जाऊन उभी राहिली. निशा आली. मग एकेक करत दहा जणी. दोघी ओढण्या सावरत निघून गेल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत. मोनाली खुर्चीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आली ती, रांगेतही उभी राहिली, पण पीस लावूनच.

त्या दिवशी मात्र ढोल वाजला नाही. पोचू केव्हाच बाहेर गेला होता.

तो पायऱ्यांवर बसला होता. ढोल शेजारी, चादरीत. दिव्यानी ढोलाच्या पलीकडे बसली.

"सोमारीवर जळत होत्या?" त्यानं समोर पाहतच विचारलं.

"हो."

"मायासाठी?"

"नाही, ढोलासाठी," ती म्हणाली. मग, "हो. तुमच्यासाठी."

तो हसला नाही. "लोकायनं हसलं तं मले सवय हाय. पीएम म्हटलं, चालते. पन तुमी गाडीत म्हटलं नं, आमच्यात तसं नसते... ते नाई गेलं अजून."

"म्हणून तर आले. जिथं बोलले तिथं उतरवायला. गाडी काही आज मिळणार नाही, पण माणूस तोच आहे." तिनं श्वास घेतला. "पोचू, विचारा ना आता. किती देवांच्या?"

त्यानं घाईघाईनं हात वर केला. "नका सांगू. थांबा. आमच्याकडचे गेडाम सहा देवाचे, वर नागपूरकडं सात म्हनतेत. सात निघाला तं? तं मी काय करू? उद्यापासून तुमाले बहीन म्हनू?"

ऐकून दिव्यानीच्या अंगभर काहीतरी गोड पसरलं, मोहाच्या वासासारखं. दोन महिने ती जळली होती. एक मिनिट त्यालाही जळू द्यावं, एवढं पाप देव पोटात घालेल.

"लहानपणी दिवे लावले होते मी," ती सावकाश म्हणाली. "एका देवापुढं एक. काड्या मोजल्या होत्या. सात लागल्या."

पोचूचा चेहरा उतरला. त्याचा हात चादरीच्या गाठीवर गेला, आणि ती गाठ उगाचच आणखी आवळली.

"पण एक दिवा वाऱ्यानं विझला होता," ती म्हणाली. "तो परत लावला. दिवे सहाच होते."

 त्याचे ओठ हलत होते, मोजत असावा.

"अजून एकडाव सांग," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'सांग' म्हणाला, 'सांगा' नाही.

"सहा."

चादरीच्या आतून ढोल हळूच वाजला, धिम्... कुणाच्या कोपरानं ते दोघांनाही कळलं नाही. दिव्यानीनं ओढणीच्या गाठीतून शिंगाड्याचा लाडू काढला, अर्धा त्याला दिला आणि उरलेल्या अर्ध्यावर तिनं उपास सोडला. जुळलेला उपास.

पंधरा दिवसांनी महोत्सवाला निघाले, तेव्हा गडचिरोलीच्या रस्त्याला पळस पेटला होता. गाडीत पोचूनं ढोल सोमारीच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः दिव्यानीच्या शेजारी येऊन बसला.

"हे बरं हाय," सोमारी मागून ओरडली. "लेकरू आत्याच्या मांडीवर, न माय-बाप मोकळे."

कंडक्टर आला. "ढोलाचं तिकीट लागंल."

"त्या दोघायकडून घ्या जी," सोमारी म्हणाली.

गाडी खड्ड्यात गेली. ढोल वाजला. पोचूनं वळून मागे पाहिलं, कातडं नीट आहे ना म्हणून. चांगलं दोन-तीनदा पाहिलं. आणि दिव्यानीला, देवाची शपथ, त्या ढोलाचाही थोडा राग आला.